दुहेरी विसर्ग आणि वणीचा धर्मकाटा

मी ‘जावा’त काम करते असं सांगितलं की आमच्या गल्लीतल्या बायका जरा हळहळायच्या. एकीने तर सरळ विचारलं होतं, मग जावांशी पटतं ना तुझं? मला जाऊच नाही, नवरा एकुलता एक. पण जावा ही कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा आहे, हे हळदीकुंकवाच्या गर्दीत कुठे समजावत बसणार? मी म्हणायचे, पटतं, कधी कधी तोंड वाकडं करतात, पण पटतं. भाषेबद्दलही ते खोटं नव्हतं.

यवतमाळला एका दातांच्या दवाखान्यावर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या होत्या. पुण्यातल्या कंपन्यांसारखे आमचे ग्राहक परदेशात नव्हते. ते घाटंजीला, महागावला, वणीला होते आणि राग आला की एसटीत बसून थेट समोर यायचे. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग मिल, डाळीच्या मिल आणि धर्मकाटे यांच्यासाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. धर्मकाटा म्हणजे रस्त्याकडेला ट्रक मोजायचा मोठा काटा. ट्रक लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढतो, केबिनमधल्या इंडिकेटर नावाच्या डब्यावर आकडा येतो, तो आकडा वायरीतून कॉम्प्युटरमध्ये जातो आणि कॉम्प्युटर वजनाची चिठ्ठी छापतो. माल देणारा आणि घेणारा दोघंही त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतात, म्हणून नावात धर्म.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती सुरू होते घाटंजीच्या एका जिनिंगपासून.

तिथले शेठ फार गोड बोलायचे आणि रोज नवं मागायचे. कापूस ओला असेल तर वजनातून थोडी कपात करतात. ती किती करायची याचा प्रत्येक मिलचा नियम वेगळा. ह्या शेठचा नियम सकाळी एक, दुपारी दुसरा. सकाळी दव असतं, दुपारी ऊन लागतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरही होतं. पण आमच्याकडे प्रत्येक मिलसाठी प्रोग्रामची वेगळी प्रत होती. कुठे काही चुकलं तर ती दुरुस्ती सगळ्या प्रतींमध्ये हाताने करावी लागायची. मी वर्षानुवर्षं ते करत होते, निमूटपणे.

त्याच सुमारास वंदना आडे आमच्याकडे नोकरीला लागली. महागाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरची मुलगी. पुसदला इंजिनिअरिंग केलेली. डब्याच्या सुट्टीत फोनवर याडीशी, म्हणजे आईशी, गोरबोलीत भरभरून बोलायची आणि फोन ठेवला की ऑफिसात एकदम गप्प. तिने माझ्या त्या प्रती पाहिल्या आणि मग भीतभीत म्हणाली, “मॅडम, मिल बदलली तरी बाकी सगळं सेमच आहे. फक्त कपातीचा नियम वेगळा आहे. तर तेवढा नियमच बाहेरून का नाही देत आपण?”

मी म्हटलं, नियम म्हणजे काय आकडा आहे का, बाहेरून द्यायला? आकडा देता येतो, नाव देता येतं. काम कसं देणार?

ती म्हणाली, आता देता येतं. जावाच्या नव्या आवृत्त्यांमध्ये.

प्रोग्रामिंगशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला. जावामध्ये इंटरफेस नावाची गोष्ट असते. ती म्हणजे नोकरीची जाहिरात समजा: ‘पाहिजे, ओलावा सांगितला की कपात सांगणारा.’ माणूस कोण ते लिहिलेलं नाही, फक्त काम लिहिलेलं आहे. त्या जाहिरातीत करायचं काम एकच असेल, तर तिला फंक्शनल इंटरफेस म्हणतात. हे ‘एकच’ फार महत्त्वाचं. जागेवर एकच काम असल्यामुळे कोणतं काम ते सांगावं लागत नाही. पूर्वी अशा जागेवर कोणाला बसवायचं तर आम्ही एका ओळीच्या कामासाठी पाच ओळींचं नेमणूकपत्र लिहायचो. आता नुसता एक बाण काढायचा. बाणाच्या डावीकडे ओलावा, उजवीकडे कपात. झालं काम. या बाणाला लॅम्डा म्हणतात.

आणि समजा ते काम करणारा माणूस आपल्याकडे आधीच आहे, तर बाणही काढायचा नाही. नुसतं त्याच्याकडे बोट दाखवायचं. हे बोट म्हणजे मेथड रेफरन्स, आणि त्याची खूण म्हणजे दोन ठिपक्यांची जोडी दोनदा, अशी ::

मला ती खूण विसर्गासारखी दिसली. मी तिचं नाव दुहेरी विसर्ग ठेवलं आणि ऑफिसात ते रूढ झालं.

हे मला सहज जमलं असं नाही. दुहेरी विसर्गानंतर कामाचं नाव लिहायचं, पण पुढे कंस घालायचे नाहीत. कंस घातले की काम लगेच करायला सांगितल्यासारखं होतं, आणि आपल्याला तर अजून फक्त बोट दाखवायचं आहे. इतक्या वर्षांच्या सवयीने माझी बोटं कंस घालूनच थांबायची आणि कंपायलर, म्हणजे आपलं लिखाण तपासणारा प्रोग्राम, लाल रेघ ओढायचा. वंदना शेजारी बसून ते कंस खोडायची. हसायची नाही, पण ओठ दाबून धरलेले मला दिसायचे.

महिन्याभरात घाटंजीचं काम नव्या पद्धतीने झालं. शेठनी सकाळचा, दुपारचा आणि ढगाळ दिवसाचा असे वेगवेगळे नियम मागितले आणि आम्ही प्रत्येकाला एका ओळीत बसवून दिलं. शेठना आणखी काही मागायचं सुचेना. मला एवढा आनंद झाला की मी सगळ्यांना चिवडा मागवला. मग आम्ही दोघींनी ठरवलं की धर्मकाट्याचा प्रोग्रामही असाच नीटनेटका करायचा.

आम्ही ज्यात लिहितो त्या एडिटरमध्ये एक छोटा पिवळा दिवा लागतो. तुम्ही बाण काढला आणि तिथे दुहेरी विसर्ग चालण्यासारखा असेल, तर तो दिवा सुचवतो की हे आणखी आटोपशीर करा. वंदनाने एका दुपारी असे सगळे पिवळे दिवे विझवले. मी शेजारी बसून माना डोलावल्या. त्यात एक ओळ होती,

() -> काटा.वजन()

तिची झाली,

काटा::वजन

दोन्हींचा अर्थ आम्हाला एकच वाटला. दिव्यालाही तेच वाटत होतं. नवा प्रोग्राम वणीला गेला.

वणीच्या पुढे मोठ्या रस्त्यावर खुशालभाऊंचा धर्मकाटा आहे. कोळशाचे ट्रक, कापसाच्या गाड्या, कधी सिमेंट. खुशालभाऊ म्हणजे उंच, भरदार माणूस, मनाने सरळ आणि काट्याच्या बाबतीत अतिशय हळवा. त्यांचा फोन आला. म्हणाले, “ताई, डब्यावर आकडा बरोबर येऊन राह्यला, पण चिठ्ठीवर जुन्याच गाडीचं वजन छापून राह्यला. सगळ्या गाड्यांचं एकच वजन. असं कसं होईन?”

मी आमच्या धंद्यातलं पहिलं औषध दिलं, प्रोग्राम बंद करून चालू करा. त्यांनी केलं आणि सगळं सुरळीत झालं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा तेच औषध. मी मनात म्हटलं, वायर ढिली असेल, पुढच्या आठवड्यात जाऊन येऊ.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. प्रेमसिंग नावाचा एक ड्रायव्हर होता, कोळशाची गाडी चालवणारा. आदल्या दिवशी त्याची भरलेली गाडी काट्यावर मोजली आणि चिठ्ठीवर छापलं गेलं त्याच्या आधीच्या गाडीचं वजन, जी बरीच जड होती. केबिनमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे माल उतरवायच्या ठिकाणी पुन्हा मोजलं तर कोळसा कमी. ट्रान्सपोर्टवाल्यांनी त्याच्यावर आळ घेतला की वाटेत कोळसा उतरवून विकला. गाडीवरून उतरवायची भाषा सुरू झाली होती. तो गाडी घेऊन थेट काट्यावर परत आला, गाडी बाजूला लावली, आणि माझ्यावरचा डाग पुसल्याशिवाय इथून हलत नाही म्हणाला.

“ताई, तो माणूस चोर नाही,” खुशालभाऊ म्हणाले. “अन् मी बी नाही. पण दोघांपैकी एक चोर ठरून राह्यला.”

मी फोन ठेवला आणि वंदनाला सगळं सांगितलं. आमच्या ऑफिसात चाचणीसाठी एक छोटा काटा आणि त्याला जोडलेला जुना इंडिकेटर होता. आतापर्यंत आम्ही तो जोडून वजन घेऊन पाहिलं होतं, सगळं ठीक येत होतं. वंदनाने मला विचारलं, फोन यायच्या आधी तिथे लाइन गेली होती का? मी खुशालभाऊंना परत फोन करून विचारलं. ते म्हणाले, लाइन तं रोजच झटका मारते, कॉम्प्युटरले बॅटरी आहे म्हणून तो चालू राह्यते, डबा मात्र बंद होऊन पुन्हा चालू होते.

वंदनाने इंडिकेटरची पिन काढली आणि पुन्हा लावली. मग छोट्या काट्यावर दुसरं वजन ठेवून चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर जुनंच वजन आलं.

ती ओळ शोधायला तिला फार वेळ लागला नाही. काय होत होतं ते सांगते. डबा बंद होऊन चालू झाला की आमचा प्रोग्राम जुनी जोडणी सोडून नवी जोडणी करतो आणि ‘काटा’ हे नाव त्या नव्या जोडणीला देतो. बाणाची ओळ असताना चिठ्ठी छापायच्या वेळी दर वेळेला नव्याने विचारलं जायचं, आत्ता काटा कोण आहे, त्याला वजन विचार. दुहेरी विसर्ग मात्र तसं करत नाही. ज्या क्षणी बोट दाखवलं त्या क्षणी तिथे जो होता, त्याच्याकडेच ते बोट कायमचं राहतं. नाव दुसऱ्याला दिलं तरी बोट वळत नाही. त्यामुळे समोरचा डबा खरं वजन दाखवत होता आणि चिठ्ठी विचारत होती बंद पडलेल्या जोडणीला. तिला बिचारीला शेवटच्या गाडीचं वजन तेवढं माहीत होतं.

वंदना खुर्चीत मागे टेकली. म्हणाली, “मॅडम, एका माणसाची नोकरी चाललीये, अन् मी म्हणत होते कोड किती सुंदर दिसतोय.”

मी तिला म्हटलं, ओळ आपण दोघींनी मिळून बदलली आहे. बाण परत घाल, मी उद्या पहाटेच्या गाडीने जाऊन बसवून येते. साइटवर नेहमी मीच जायचे, ती कधीच आली नव्हती. अनोळखी लोकांसमोर तिचा आवाज फुटत नसे. पण ती म्हणाली, मी पण येते. त्या माणसाला मलाच सांगायचंय.

दुसऱ्या दिवशी करंजी, मारेगाव करत आम्ही वणीला पोचलो. काट्यावर गाड्यांची रांग होती आणि वातावरण तापलेलं. प्रेमसिंग गाडीच्या सावलीत बसला होता. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा. ट्रान्सपोर्टवाल्यांचा एक माणूस मोटरसायकलला टेकून उभा होता, आम्हाला पाहून म्हणाला, कॉम्प्युटर कधी चुकत नाही मॅडम, माणूस चुकतो. कॉम्प्युटर चुकला नव्हता हे खरंच होतं, त्याने आम्ही सांगितलं तेच केलं होतं.

मी लॅपटॉप काढून नवा प्रोग्राम बसवायला घेतला, तर वंदनाने माझा हात धरला. म्हणाली, थांबा मॅडम. आधी दुरुस्त केलं तर कोणाला काही पटणार नाही. आधी बिघडलेलंच दाखवू.

मग तिने खुशालभाऊंना सांगून रांगेतली एक भरलेली गाडी काट्यावर चढवली. चिठ्ठी काढली, बरोबर आली. गाडी उतरली. तिने ट्रान्सपोर्टच्या माणसाला केबिनमध्ये बोलावलं आणि त्यालाच डब्याचं बटण बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. मग म्हणाली, आता काट्यावर काहीतरी हलकं ठेवा. हलकं म्हणजे काय ठेवणार? सगळे इकडे तिकडे पाहू लागले. शेवटी खुशालभाऊ स्वतः चालत गेले आणि त्या भल्यामोठ्या लोखंडी प्लॅटफॉर्मच्या मधोमध हाताची घडी घालून उभे राहिले.

डब्यावर नव्वद किलो आले. वंदनाने चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर खुशालभाऊंचं वजन पस्तीस टन होतं.

ट्रान्सपोर्टच्या माणसाने चिठ्ठी दोनदा वाचली, डब्याकडे पाहिलं, खिडकीतून खुशालभाऊंकडे पाहिलं, आणि त्याला हसू आवरेना. चिठ्ठी रांगेतल्या ड्रायव्हरांच्या हातोहात फिरली. कोणीतरी ओरडून विचारलं, भाऊ, सकाळी काय खाल्लं. खुशालभाऊ काट्यावरूनच म्हणाले, “हासा लेको. पस्तीस टनाचं मले काही नाही वाटत. ते नव्वद कायले मोठ्यानं सांगून राह्यले?”

प्रेमसिंग हसला नाही. तो उठून केबिनच्या दाराशी आला होता. वंदना त्याच्याकडे गेली आणि, नावावरून ओळखलं असावं, गोरबोलीत बोलू लागली. त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण तिचे हात दिसत होते. एकदा तिने बोट त्याच्या गाडीकडे रोखून धरलं, मान वळवली तरी बोट तसंच ठेवलं. मग ते खाली घेतलं आणि रांगेतल्या एकेका गाडीकडे वळवत नेलं. ऑफिसात मिटिंगमध्ये जिला दोन वाक्यं जड जायची, ती तिथे डिझेलच्या वासात, हॉर्नच्या आवाजात सलग बोलत होती. मध्येच तिने दोन्ही हात जोडले. तो काहीतरी म्हणाला, तिने मान हलवली. मग त्याने विचारलं ते मलाही समजलं, तांडा कोणता. तिने सांगितलं. त्याच्या मिशा पहिल्यांदा हलल्या.

त्यानंतर आम्ही नवा प्रोग्राम बसवला. आत बदललेली ओळ एकच. पुन्हा डब्याचं बटण बंद केलं, चालू केलं. खुशालभाऊ पुन्हा उभे राहायला तयार नव्हते, म्हणून प्रेमसिंगने आपली रिकामी गाडी काट्यावर आणली. डबा आणि चिठ्ठी, दोन्हीकडे तोच आकडा. त्याने चिठ्ठी हातात घेऊन नीट पाहिली आणि वंदनाला म्हणाला, अजून एकदा. पुन्हा बटण बंद, पुन्हा चालू. पुन्हा तोच आकडा. वंदना त्याच्या समाधानापर्यंत हे करत राहिली, आणि रांगेतल्या कोणीही हॉर्न वाजवला नाही.

ट्रान्सपोर्टच्या माणसाने तिथूनच मालकाला फोन लावला. पस्तीस टनाचा किस्सा त्याने इतका रंगवून सांगितला की पलीकडचं हसणं आम्हाला ऐकू आलं. मग फोन प्रेमसिंगच्या हातात दिला. तो ‘हाव मालक, हाव’ एवढंच म्हणत होता, पण बोलता बोलता ताठ उभा राहिला. त्या झटक्यांच्या दिवसांतल्या बाकी चिठ्ठ्यांचं काय, हे खुशालभाऊंनी स्वतःच काढलं. ज्यांची चिठ्ठी चुकली असेल त्या प्रत्येक गाडीवाल्याला फोन करतो म्हणाले, आणि नंतर कितीतरी दिवस त्यांनी खरंच ते फोन केले. त्यांचा प्रोग्रामवरचा राग गेला. डब्यालाही बॅटरी बसवून घ्या, असं मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, आता कायले, आता तं तुमचा बाण हुशार झाला ना.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ बसल्यावर मी वंदनाला विचारलं, तू त्याला सांगितलंस तरी काय? दुहेरी विसर्ग गोरबोलीत कसा सांगितलास?

ती म्हणाली, विसर्ग कशाला सांगू. त्यांना म्हटलं, मालकाने सकाळी हमालाला सांगितलं की दारात उभी असेल त्या गाडीत माल भर, तर गाडी बदलली तरी माल बरोबर भरला जातो. हा बाण. अन् मालकाने एका गाडीचा नंबरच लिहून दिला, अन् ती गाडी वाटेत बंद पडली, दारात दुसरी आली, तरी हमाल तो नंबर धरूनच बसला. हा आमचा ठिपका. मी नंबर लिहून दिला, तिथे तुमचं नाव खराब झालं, असं सांगितलं.

“मग ते काय म्हणाले?”

“म्हणाले, नंबर लिहून देणं पण वाईट नसते बेटा, कधी कधी त्याच गाडीत माल पाहिजे असते.”

मी हसले. कारण तेही बरोबरच होतं. दुहेरी विसर्गात काही खोट नव्हती, आणि घाटंजीला तो आजही सुखाने चालतो आहे. पुढे जितक्या नव्या मुलामुलींना मी हे शिकवलं, त्यांना पिवळ्या दिव्याचं ऐकू नका असं कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की दिव्याला तुमची ओळ दिसते, वणीची लाइन दिसत नाही.

मला निवृत्त होऊन आता वर्ष होईल. जावात आणखी बरंच नवं आलं आहे म्हणे, ते मी शिकले नाही आणि त्याची रुखरुख वाटते. कधी दवाखान्यावरून जाताना वर पाहते, खिडकीत दिवे दिसतात, पाय तिकडे वळतात आणि मी भाजीला जाते.

पण त्या दिवसाचं आणखी थोडं सांगायचं राहिलं. मारेगाव गेलं, सूर्य खाली आला होता, गाडीत कापूस वेचून परतणाऱ्या बायका चढल्या आणि उभं राहायला जागा उरली नाही. वंदना बराच वेळ बाहेर पाहत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “मॅडम, पुढच्या वेळेस साइटवर मी एकटी जाऊ का?”

काट्यांवर जाणं, केबिनमधला चहा, ‘ताई आल्या’ म्हणून सरकवलेली खुर्ची, हे माझ्या नोकरीतलं मला सगळ्यात आवडणारं काम होतं. तरी मी म्हटलं, जा.

यवतमाळला उतरलो तेव्हा वायरी आणि पाने-पकडी भरलेली जड बॅग मी सवयीने उचलायला गेले. ती आधीच तिच्या खांद्यावर होती.